पिप्पली ते ‘पेप्पर’ : एका नावाचा प्रवास आणि आपली जबाबदारी

औषधाचे नाम, रूप आणि योग ही तिन्ही जाणणारा तोच खरा भिषक्, ही शिकवण आपण वैद्यकीच्या पहिल्या वर्षापासून ऐकत आलो आहोत. तथापि या तिहींपैकी ‘नाम’ ही पायरी आपणांस इतकी सोपी वाटते की व्यवहारात सर्वाधिक दुर्लक्ष तिच्याकडेच होते. प्रस्तुत लेखास निमित्त झालेला प्रसंग याच दुर्लक्षाचा आहे, आणि तो अन्य कोणाचा नसून माझा स्वतःचाच आहे.

काही वर्षांपूर्वी जीर्ण कास व अग्निमांद्य असलेला एक वयस्क रुग्ण मुलाकडे इंग्लंडला जाण्यास निघाला. पिंपळीचूर्ण मधातून घेतल्याने त्यास चांगला उपशय होता. बरोबरचे चूर्ण संपल्यावर तेथेच मिळवता यावे म्हणून मी एका कागदावर घाईघाईने इंग्रजीत ‘पेप्पर’ असे लिहून दिले. त्याआधी ‘लाँग’ हा शब्द लिहावयाचा राहिला. साधारण तीन आठवड्यांनी मुलाचा दूरध्वनी आला. वडिलांच्या छातीत व गळ्याशी सतत जळजळ होत होती, तोंड आले होते आणि जेवण नकोसे झाले होते. चौकशी करता कळले की चूर्ण संपल्यावर त्यांनी माझ्या कागदाप्रमाणे घरातील मिरपूड त्याच मात्रेत, दिवसातून दोन वेळा, मधातून सुरू केली होती. मिरपूड बंद करताच तक्रारी शमल्या. रुग्णाने लिहिल्याप्रमाणे केले होते. मुलानेही काही चुकीचे केले नव्हते, कारण त्या देशात ‘पेप्पर’ म्हणजे काळी मिरीच. चूक लिहिणाऱ्याची होती.

त्यानंतर या एका शब्दाच्या मागे लागलो असता जे हाती आले, ते व्यवसायबंधूंपुढे ठेवावेसे वाटते. कारण या शब्दाचा इतिहास मोठा विलक्षण आहे : ‘पेप्पर’ हे नाव मुळात आपल्या पिप्पलीचेच आहे, आणि तरीही आज ते पिप्पलीचे राहिलेले नाही.

शब्दाची वंशावळ

(येथे खुलासा करतो की वर्तमानपत्रास आपण ज्यास ‘पेपर’ म्हणतो तो शब्द निराळा. तो ईजिप्तमधील पपायरस या लव्हाळ्याच्या नावावरून आला. त्यापासून वेगळा ओळखू यावा म्हणून या लेखात ‘पेप्पर’ असे लिहिले आहे.)

संस्कृतातील ‘पिप्पली’ हा शब्द अतिप्राचीन आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात पिप्पलीस उद्देशून एक स्वतंत्र सूक्त आहे आणि तेथे ती क्षतावरील व वातविकारावरील औषधी म्हणून येते. ‘पिप्पल’ म्हणजे फळ, विशेषतः अश्वत्थाचे फळ. त्या शब्दाशी पिप्पलीचे नाते उघड दिसते. मराठीतही पिंपळ व पिंपळी ही दोन नावे शेजारी शेजारीच नांदत आहेत.

हा शब्द व्यापाऱ्यांच्या तोंडून पश्चिमेस गेला तो इराणमार्गे. वाटेत ‘ल’काराचा ‘र’कार झाला. आपल्या व्याकरणपरंपरेस र व ल यांचा अभेद नवा नाही. प्राचीन पारसीत ‘ल’ हा वर्ण जवळजवळ नव्हताच, त्यामुळे हा बदल त्या भाषेच्या मध्यस्थीने झाला असावा असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ग्रीकांनी शब्द घेतला तो ‘पेपेरि’ या रूपात, आणि रोमनांनी ग्रीकांकडून घेतला तो ‘पिपेर’ या रूपात. लॅटिनमधून तो युरोपभर पसरला : फ्रेंचमध्ये ‘प्वाव्र’, इटालियनमध्ये ‘पेपे’, जर्मनमध्ये ‘फेफर’, जुन्या इंग्रजीत ‘पिपोर’ आणि आजच्या इंग्रजीत ‘पेप्पर’. इंग्रजांचे पूर्वज ब्रिटन बेटावर येण्यापूर्वीच त्यांच्या भाषेने हा शब्द आत्मसात केलेला होता.

दुसरी एक शाखा ‘ल’कार टिकवून राहिली. मध्ययुगीन पारसीत ‘पिलपिल’ झाले. अरबीत ‘प’ नसल्यामुळे ‘फिलफिल’ झाले. आपले युनानी बंधू काळ्या मिरीस ‘फिलफिल सियाह’ व पिंपळीस ‘फिलफिल दराज’, म्हणजे लांब फिलफिल, असे म्हणतात. येथेही गंमत पाहावी. जिचे मूळ नाव, तिलाच ‘लांब’ हे विशेषण लावून ओळखावे लागते. जिने नाव उसने घेतले, ती बहुधा विशेषणाशिवायच ओळखली जाते.

ग्रीक व रोमन ग्रंथांतील पिप्पली

ग्रीकांस हे द्रव्य प्रथम परिचित झाले ते औषध म्हणून. हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथसंग्रहात स्त्रीरोगांच्या प्रकरणांत ‘पेपेरि’ येते, आणि ते भारतीय औषध असल्याचाही तेथे उल्लेख आहे. इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात व तिसऱ्याच्या आरंभी लेखन करणारा थिओफ्रास्टस याने आपल्या वनस्पतिग्रंथात पेपेरिचे दोन प्रकार स्पष्ट सांगितले आहेत. एक वाटोळे. दुसरे लांबट, काळे व खसखशीसारख्या बारीक बिया असलेले. दोन्ही उष्ण, परंतु लांबट प्रकार अधिक तीव्र, असे तो म्हणतो. याचा अर्थ एवढाच की त्या काळी पिप्पली व मरिच ही दोन्ही द्रव्ये ग्रीकांच्या हाती आलेली होती, परंतु दोहोंस मिळून नाव एकच होते, आणि ते पिप्पलीचे होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील डायोस्कोरिडीज हा पाश्चात्त्य द्रव्यगुणाचा मोठा आचार्य. त्याने मात्र एक घोटाळा केला जो पुढे सुमारे पंधराशे वर्षे टिकला. लांब पेप्पर, पांढरे पेप्पर व काळे पेप्पर ही एकाच झाडाची फळे असून लांब पेप्पर हे त्याचे अपक्व फळ होय, असे त्याने लिहून ठेवले. त्याने झाड पाहिले नव्हते. एक नाव म्हणून एक द्रव्य, एवढ्याच तर्कावर हा सिद्धान्त उभा होता.

त्याच शतकातील प्लिनी याने दिलेले भाव औषधनिर्मात्यांस विशेष रंजक वाटतील. रोममध्ये एक पौंड लांब पेप्परला १५ दिनार, पांढऱ्यास ७ व काळ्यास ४ दिनार पडत. म्हणजे पिंपळी काळ्या मिरीच्या जवळजवळ चौपट महाग होती. आणि जेथे भाव तेथे भेसळ हा नियम तेव्हाही होताच. लांब पेप्परमध्ये अलेक्झांड्रियाच्या मोहरीची भेसळ सहज होते, असे प्लिनीनेच नोंदवले आहे. भेसळीच्या नावाने आज आपण बोटे मोडतो, त्या तक्रारीस निदान दोन हजार वर्षांची परंपरा आहे.

नाव घसरले कसे?

मग पिप्पलीचे नाव मरिचाकडे गेले कसे? याचे उत्तर मालाच्या मार्गांत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकग्रंथात भारतीय बंदरांची माहिती आहे. सोपारा व कल्याण या आपल्या कोकणच्या बंदरांचीही नावे त्यात आहेत. या ग्रंथानुसार लांब पेप्पर निर्यात होई ते भृगुकच्छ, म्हणजे आजचे भडोच, येथून. काळी मिरी मात्र भरली जाई ती केरळातील मुझिरिस व नेल्किंडा या बंदरांतून. पिप्पली ही प्राधान्याने पूर्वेकडील व उत्तरेकडील प्रदेशांतून येणारी. ‘मागधी’ व ‘वैदेही’ हे तिचे पर्यायच तिचा देश सांगतात. बंदरापर्यंत येण्यास तिला मोठा भूमार्ग तुडवावा लागे. काळी मिरी पिकत होती ती मलबारच्या डोंगरांत, समुद्राच्या अगदी जवळ.

मोसमी वाऱ्यांचा उपयोग करून ईजिप्तहून थेट मलबारपर्यंत जहाजे येऊ लागताच काळी मिरी विपुल व स्वस्त झाली. ईजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या प्राचीन बंदराच्या उत्खननात भारतीय रांजणात साठवलेली सुमारे साडेसात किलो काळी मिरी सापडली आहे, त्यावरून या व्यापाराची कल्पना यावी. इ. स. ४०८ मध्ये गॉथ राजा अलारिक याने रोमला वेढा दिला तेव्हा मागितलेल्या खंडणीत ३००० पौंड पेप्पर होते. एवढा खप ज्या द्रव्याचा, तेच लोकांच्या मनात त्या नावाचे मुख्य द्रव्य ठरले. नाव पिप्पलीचे, परंतु पोत्यात मरिच. हळूहळू ‘पेप्पर’ म्हणजे काळी मिरी असे रूढ झाले आणि मूळ मालकिणीस ‘लांब’ हे विशेषण चिकटले.

पुढील काळातही हे द्रव्य मोलाचेच राहिले. इ. स. ७३५ मध्ये निधन पावलेल्या बीड या इंग्रज धर्मविद्वानाने मृत्यूपूर्वी आपल्या पेटीतील जी चीजवस्तू सहकाऱ्यांत वाटली, तीत पेप्पर होते. लंडनमध्ये मिरीविक्रेत्यांचा संघ होता आणि त्याचा उल्लेख ११८० सालापासून मिळतो. तोच पुढे चौदाव्या शतकात ‘ग्रोसर्स’ या नावाने ओळखला जाऊ लागला. मसाल्यांची व औषधींची तपासणी, निवड व चाळणी करण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. औषधे बनवून विकणारे ‘अपोथेकरी’ हे याच संघाचे घटक होते, आणि १६१७ मध्ये ते स्वतंत्र झाले. म्हणजे इंग्रजी औषधविक्रेत्याच्या व्यवसायाचे मूळ मिरीच्या दुकानात आहे, आणि त्या दुकानाच्या पाटीवरील नाव पिप्पलीचे आहे! फार्मसीच्या मालकांनी हे अभिमानाने सांगण्यास हरकत नाही. परंतु त्या संघाचे मुख्य काम माल पारखून घेणे हे होते, हेही त्याच वेळी ध्यानात ठेवावे.

घोटाळा सुधारला तो भारतात

डायोस्कोरिडीजचा ‘एक झाड’ सिद्धान्त युरोपात बसून कोणासही खोडता येण्यासारखा नव्हता. त्यासाठी वेल पाहावी लागत होती. गोव्यात वैद्यकी करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात स्पष्ट सांगितले की काळे पेप्पर व लांब पेप्पर या दोन निरनिराळ्या वनस्पती असून त्या निरनिराळ्या देशांत होतात, काळे मलबारात व लांब बंगालात. जुन्या आचार्यांनी लिहिले म्हणून मानण्यापेक्षा स्वतः पाहून व तद्देशीयांस विचारून लिहिण्याचे धैर्य त्याने दाखवले.

त्यानंतर सुमारे शतकाने, १६७८ ते १६९३ या काळात, डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मिरीची वेल व पिंपळीची वेल यांची स्वतंत्र चित्रे व स्थानिक नावे आहेत. या ग्रंथास ज्यांनी साहाय्य केले त्यांत केरळचे इट्टी अच्युतन वैद्य होते. तसेच रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांनी दिलेले कोकणी भाषेतील, नागरी लिपीतील प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे. लिनेअसने १७५३ मध्ये वनस्पतींस द्विपद नावे दिली तेव्हा या ग्रंथाचा आधार घेतला, आणि पिंपळी ‘पायपर लाँगम’ व मिरी ‘पायपर नायग्रम’ अशी दोन निश्चित नावे शास्त्रात स्थिर झाली. दोहोंच्या अग्रभागी असलेला ‘पायपर’ हा शब्द म्हणजे लॅटिन ‘पिपेर’, म्हणजेच आपली पिप्पली. नावाचा गुंता सुटला तो आपल्याच वैद्यांनी हातात वेल धरून दाखवली तेव्हा, हे येथे विसरता कामा नये.

तिसरे द्रव्य : मिरची

नावाचा प्रवास येथेही संपला नाही. कोलंबस भारताचा व मिरीचा शोध घेण्यास निघाला आणि अमेरिकेत पोहोचला. १४९३ च्या जानेवारीतील त्याच्या रोजनिशीत तेथील लोकांच्या ‘अही’ या तिखट फळाचा उल्लेख ‘त्यांची मिरी’ असा येतो. ते फळ म्हणजे आपली आजची मिरची. वनस्पतिशास्त्रानुसार ती वांगी-टोमॅटोच्या कुळातील असून मिरीशी तिचा काडीचाही संबंध नाही. तरीही इंग्रजीत तिलासुद्धा ‘पेप्पर’ हेच नाव मिळाले, आणि ढोबळ्या मिरचीसही ‘पेप्पर’च म्हणतात, जिच्यात तिखटपणा जवळजवळ नाही.

आपणही या बाबतीत फारसे वेगळे वागलो नाही. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात हे फळ आपल्याकडे आले, तेव्हा मराठीने त्यास मिरीच्याच नावावरून ‘मिरची’ म्हटले. तिकडे पिप्पलीचे नाव मरिचास व तेथून मिरचीस. इकडे मरिचाचे नाव मिरचीस. चरक-सुश्रुतांस मिरची ठाऊक असणे शक्यच नव्हते. संहितेत ‘मरिच’ असेल तेथे मिरची समजणारा रुग्ण आजही भेटतो, त्याचे कारण हेच नामसादृश्य.

आपल्या कोशांतील सापळा

परभाषेस दोष देण्यापूर्वी आपलाही कोश उघडून पाहावा. अमरकोशात मरिचाचे पर्याय आहेत : वेल्लज, कोलक, कृष्ण, ऊषण, धर्मपत्तन. पिप्पलीचे पर्याय आहेत : कृष्णा, उपकुल्या, वैदेही, मागधी, चपला, कणा, ऊषणा, शौण्डी, कोला. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की यांत दोन जोड्या केवळ लिंगभेदाने वेगळ्या आहेत. कृष्ण मरिच व कृष्णा पिप्पली, ऊषण मरिच व ऊषणा पिप्पली. संस्कृतात एका आकाराने द्रव्य बदलते.

नागरी लिपीत हा भेद डोळ्यांस दिसतो. तोच शब्द चिन्हांविना रोमन लिपीत लिहिला की भेद पुसला जातो. निर्यातीची लेबले, संगणकातील साठ्याच्या नोंदी, परराज्यांतील व्यापाऱ्यांस पाठवलेल्या मागण्या या बहुशः रोमन लिपीतच असतात. योगपाठातील ‘कृष्णा’ किंवा ‘ऊषण’ जसाच्या तसा त्या लिपीत उतरवला, तर वाचणाऱ्याने कोणते द्रव्य घ्यावे?

भेद का महत्त्वाचा?

कोणी म्हणेल, दोन्ही कटू, दोन्ही दीपन, दोन्ही कफवातघ्न. मग एकाच्या जागी दुसरे आले तर बिघडले कोठे? याचे उत्तर चरकाच्या सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायातच आहे. तेथे शुष्क पिप्पलीस वृष्य म्हटले आहे व मरिचास अवृष्य. मरिच लघू, छेदन व शोषण करणारे आहे. आर्द्र पिप्पली मधुर, गुरू, स्निग्ध व कफकर आहे, आणि शुष्क झाल्यावर तिचे गुण पालटतात. पिप्पलीचा विपाक मधुर व मरिचाचा कटू, हे आपण सर्वजण जाणतो. पिप्पली ही रसायन आहे. दहा-दहाच्या वर्धमान क्रमाने एक सहस्र पिप्पलींचा प्रयोग चरकाने रसायनपादात सांगितला आहे. मरिचाचा असा प्रयोग सांगितलेला नाही. जो प्रयोग मधुर विपाकाच्या द्रव्यासाठी सांगितला, तो कटुविपाकी व शोषण करणाऱ्या द्रव्याने केल्यास काय होईल, हे माझ्या त्या रुग्णाने भोगले.

दुसऱ्या बाजूने, त्याच चरकाने विमानस्थानात पिप्पली, क्षार व लवण यांचा अतिरेकी उपयोग टाळावा असे बजावले आहे. म्हणजे पिप्पलीचे स्थान, मात्रा व काल हे सर्व तिचे स्वतःचे आहे. त्रिकटूत शुंठी, मरिच व पिप्पली ही तिन्ही एकत्र येतात. ती परस्परांचे पर्याय असती, तर आचार्यांनी तिघांस एकत्र आणले नसते.

आधुनिक रसायनशास्त्राने येथे एक नवी अडचणही निर्माण केली आहे. डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेड याने १८१९ मध्ये मिरीपासून ‘पायपरीन’ हे अल्कलॉइड वेगळे केले. ते मिरीत आहे व पिंपळीतही आहे. त्यामुळे चूर्णात पायपरीन आढळले एवढ्यावरून ते चूर्ण पिंपळीचेच आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. काही औषधांचे शोषण पायपरीनमुळे वाढते, हे प्रयोगांनी दाखवले आहे. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर मनुष्यांत कर्क्युमिनची उपलब्धता वीसपट वाढल्याचे आढळले. म्हणून जो रुग्ण अन्य आधुनिक औषधे घेत आहे, त्यास ही द्रव्ये देताना किती व कोणते दिले याची नेमकी नोंद हवी.

याच पायपरीनपासून ‘पायपरिडीन’, त्याच्या सादृश्याने ‘पायपराझीन’ आणि त्यावरून ‘पायपरासिलिन’ हे प्रतिजैविक अशी नावे पडत गेली. अतिदक्षता विभागात ज्याची सुई टोचली जाते, त्या औषधाच्या नावातही पिप्पलीचा अंश आहे. पण त्या कुपीत पिप्पली नाही. नाव पुढे गेले, द्रव्य मागे राहिले, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

आल्याचे नाव मात्र टिकले

नावे नेहमीच घसरतात असेही नाही. त्रिकटूतील दुसरे द्रव्य पाहा. संस्कृत ‘शृङ्गवेर’, पालीतील ‘सिङ्गिवेर’, ग्रीक ‘झिंगिबेरिस’, लॅटिन ‘झिंगिबेर’ आणि इंग्रजी ‘जिंजर’. इतका प्रवास करूनही हे नाव आर्द्रकाशीच निगडित राहिले. ॲलन रॉस या इंग्रज भाषापंडिताने या एकाच शब्दावर १९५२ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. शृंगासारखा देह असलेले ते शृंगवेर, ही आपल्याकडील परिचित व्युत्पत्ती. परंतु भाषाशास्त्रज्ञांच्या मते हा शब्द मूळचा दक्षिणेकडील द्राविड भाषांतील आहे. तमिळमध्ये आल्यास ‘इंजि’ व मुळास ‘वेर’ म्हणतात. संस्कृताने तो शब्द आपलासा करून त्यास शृंगाचा अर्थ दिला. परदेशी शब्दाचे मूळ संस्कृतात सापडले की आपणांस आनंद होतो, तो योग्यच आहे. परंतु संस्कृताने जे दक्षिणेकडून घेतले, त्याचेही श्रेय मोकळ्या मनाने द्यावे. वैद्यकाचे ज्ञान असेच चहूकडून येऊन समृद्ध झाले आहे.

व्यवहारात काय करावे?

या सर्व विवेचनातून निघणाऱ्या सूचना साध्या आहेत, आणि त्या मी स्वतः त्या प्रसंगापासून पाळतो.

१. रुग्णास इंग्रजीत लिहून देताना पिंपळीसाठी नुसते ‘पेप्पर’ कधीही लिहू नये. ‘पिप्पली’ हा शब्द व ‘पायपर लाँगम’ हे शास्त्रीय नाव दोन्ही लिहावीत. शक्य असल्यास एक फळ हाती देऊन दाखवावे.

२. मागणीपत्रावर संस्कृत नाव, शास्त्रीय नाव व उपयुक्त अंग ही तिन्ही असावीत. पिप्पली म्हणजे फळ; मूळ हवे असल्यास पिंपळमूळ असे स्वतंत्र लिहावे. आपल्या बाजारात लेंडीपिंपळी हे नाव चालते, तेही शेजारी लिहिल्यास व्यापाऱ्यास संशय राहत नाही. गजपिप्पली हे सर्वस्वी भिन्न द्रव्य आहे.

३. ‘कृष्णा’, ‘ऊषण’, ‘कोला’, ‘कणा’ यांसारखे पर्याय योगपाठात शोभतात. साठ्याच्या वहीत किंवा लेबलावर त्यांचे मुख्य नावात रूपांतर करूनच लिहावे. घटकांची खरी यादी लेबलावर देणे औषध नियमांतील नियम १६१ नुसार बंधनकारकही आहे.

४. माल अखंड स्वरूपात घ्यावा, चूर्ण विकत घेऊ नये. शुष्क पिप्पली ही हिरवट काळी ते काळी, दंडगोलाकार, सुमारे अडीच ते पाच सेंटिमीटर लांब असते. मध्यभागी दांडा व त्याभोवती सूक्ष्म फळे दाटीने बसलेली असतात. चघळल्यास जीभ बधिर होते. मरिच वाटोळे, सुरकुतलेले व टणक असते. अखंड असताना बालकासही ओळखू येणारा हा भेद चूर्ण होताच सूक्ष्मदर्शकाच्या स्वाधीन होतो.

५. इंग्रजी ग्रंथांतून योग घेताना ‘पेप्पर’ दिसल्यास मूळ संहिता उघडून पाहावी. अनुवादकाने विशेषण गाळले असण्याचा संभव नेहमीच असतो.

समारोप

चरकाने सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की गुराखी, मेंढपाळ व वनात राहणारे लोक औषधींस नावाने व रूपाने ओळखतात; परंतु तेवढ्याने कोणी वैद्य होत नाही, योग जाणावा लागतो. तो श्लोक आपण नेहमी वैद्यांच्या गौरवासाठी उद्धृत करतो. माझ्यापुरता मी तो आता उलट बाजूनेही वाचतो. नाव व रूप ही जी पहिली पायरी वनवासी माणसास पक्की ठाऊक असते, ती तरी आपली पक्की आहे काय?

पिप्पलीचे नाव भृगुकच्छाहून निघून रोमपर्यंत, लंडनपर्यंत व तेथून प्रयोगशाळांपर्यंत पोहोचले, ही भारतीय वैद्यकाच्या व वाणिज्याच्या अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु नावाबरोबर द्रव्य पोहोचले की नाही, हे पाहण्याचे काम नावाचे नाही. ते लिहिणाऱ्या वैद्याचे व पुडी बांधणाऱ्या औषधनिर्मात्याचे आहे. माझ्या कागदावर त्या दिवशी एक शब्द कमी पडला. वाचकांच्या कागदावर तो पडू नये, एवढ्याचसाठी हा प्रपंच. इत्यलम्.